खुलासा: 'कॅप्टन मार्व्हल'चे रेटिंग खरेच पुसले होते का?

'प्रदर्शनाआधीच प्रेक्षकांनी कॅप्टन मार्व्हलला नापास केले, म्हणून रॉटन टोमॅटोजने रेटिंगच उडवले' असे फॉरवर्ड अजून फिरते. ते अर्धवट आहे. रॉटन टोमॅटोज ही समीक्षकांची आणि प्रेक्षकांची मते टक्क्यांत दाखवणारी साइट.

हा हॉलिवूडचा सुपरहिरो चित्रपट ८ मार्च २०१९ रोजी आला. फेब्रुवारीत पानावर जो टक्का होता, तो 'बघायची इच्छा आहे' म्हणणाऱ्यांचा होता. चित्रपट न बघता दिलेल्या मताला रेटिंग कसे म्हणायचे? तो टक्का आणि प्रदर्शनाआधीच्या कॉमेंट साइटने काढून टाकल्या, त्याही सगळ्याच चित्रपटांसाठी. गोंधळ झाला तो जागेमुळे: इच्छेचा टक्का आणि पुढे येणारा प्रेक्षकांचा टक्का एकाच ठिकाणी दिसत. प्रदर्शनाच्या दिवशी मतांची संख्या एकदम घसरली, हे मात्र खरे. तांत्रिक चुकीमुळे आधीची मतेही मोजली गेली होती, असे साइटचे म्हणणे.

आणखी एक. साइटवर ४० टक्के दिसले म्हणजे शंभरात ४० गुण नव्हेत. समीक्षकांच्या आकड्यात प्रत्येक परीक्षण फक्त 'बरे' किंवा 'वाईट' मोजतात. सगळ्यांनी दहापैकी सहा दिले तरी १०० टक्के होऊ शकतात. प्रेक्षकांच्या बाजूला पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचा वाटा असतो. मे २०१९ पासून तिकीट खरेदी तपासलेली मते वेगळी धरतात.

थिएटरातल्या प्रेक्षकांचे मत हवे तर सिनेमास्कोअर ही प्रेक्षक-पाहणी बघा. अमेरिका-कॅनडात पहिल्याच दिवशी थिएटरात कार्ड भरून घेतात. तिथे 'कॅप्टन मार्व्हल'ला 'ए' श्रेणी मिळाली.