तीस गुंठे आणि अठरा अश्वशक्ती

शोरूममधल्या तरुणाने पाण्याचा ग्लास पुढे करत पहिलाच प्रश्न विचारला, "शेती किती आहे, साहेब?" मी म्हणालो, "तीस गुंठे." तो नम्रपणे थांबून राहिला. मी पुढे काहीच बोलत नाही असे पाहून त्याने विचारले, "आणि बाकीची?"

बाकीची नव्हती. भोर तालुक्यात निवृत्तीनंतर राहायला म्हणून घेतलेला तो एक बिगरशेती प्लॉट होता. मध्ये बंगला, पुढे सौभाग्यवतींची लॉन, एका अंगाला अकरा आंबे आणि मागे उतारावर वीसेक गुंठ्यांची मोकळी जागा, जिच्यात गणपती येईपर्यंत गवत छातीला लागते आणि नवरात्रात त्यात नेमके काय वावरते आहे याचा अंदाज बांधणे आम्ही सोडून देतो. पहिल्या वर्षी मी गडी लावले. दुसऱ्या वर्षी गडी मिळाले नाहीत, म्हणून खांद्याला अडकवायचा ग्रासकटर आणून मी स्वतः चार दिवस गवत कापले, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या हातातली कपबशी अशी वाजत होती की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणत बाहेर येत. तेव्हाच ट्रॅक्टरचा विचार पक्का झाला.

ट्रॅक्टर घेताना जगातल्या प्रत्येक माणसाला अश्वशक्तीविषयी ठाम मत असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आमच्या मागच्या बाजूला तात्यांची भाताची खाचरे आहेत. तात्यांनी कुंपणापलीकडून निकाल दिला, "चाळीसच्या खाली टॅक्टर नसतो साहेब, खेळणं असतं." पुण्याच्या मेहुण्यांनी चारचाकांना ताकद असलेलाच घ्यावा असे बजावले, कारण उतार आहे, हा एकच सल्ला पुढे उपयोगी पडला. सौभाग्यवतींनी रंगाचा मुद्दा मांडला. शोरूममधल्या तरुणाने मात्र मला धीर दिला आणि सांगितले की हे छोटे ट्रॅक्टर नाशिककडच्या द्राक्षबागांत आणि सोलापूरकडच्या डाळिंबांत दोन ओळींमधून जाण्यासाठी लोक घेतात, त्यामुळे रुंदी कमी असणे हा त्यांचा दोष नसून गुण आहे. अनुदानाची चौकशी मी करताच त्याने सातबारा आणि आठ-अ मागितला. माझ्याकडे बिगरशेतीचा आदेश होता. शेतकरी नसलेल्या माणसाने ट्रॅक्टर घेण्यावर कायद्याने बंदी नाही, एवढ्यावरच समाधान मानून मी अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडून फिरत्या पात्यांनी माती उकरणारा चार फुटी रोटाव्हेटर घेऊन मोकळा झालो.

बंगल्याची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधून मागे जाणारी वाट सव्वाचार फुटांची आहे. ट्रॅक्टर घेण्याआधी मी टेप लावून ती दोनदा मोजली होती, ट्रॅक्टरही मोजला होता, आणि रोटाव्हेटर चार फुटी असल्याचे पावतीवरच लिहिलेले होते. पण चार फूट ही पाती ज्या रुंदीत फिरतात तिची लांबी असते. पात्यांच्या बाजूला त्यांना फिरवणाऱ्या गिअरची एक लोखंडी पेटी असते आणि ती कुणी त्या चार फुटांत धरत नाही, हे मला ट्रॅक्टर वाटेत अडकल्यावर कळले. शेवटी तात्यांच्या खाचरातून, मागच्या कुंपणाची तार सोडवून, चार गड्यांनी तो रोटाव्हेटर "हेऽऽ हुप्प" करत आत आणला, आणि तेव्हापासून तो मागेच ताडपत्रीखाली मुक्कामाला आहे. ट्रॅक्टर पुढच्या शेडमध्ये राहतो. दोघांची भेट कामापुरती होते, आणि ती मला घडवून आणावी लागते.

ही भेट म्हणजे या लेखाचे मूळ दुखणे आहे. ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे हात आणि वर मध्यभागी एक टॉपलिंक असते. या तीन ठिकाणी अवजार अडकवायचे. ही तीन बिंदूंची जोडणी आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन याने परिपूर्ण केली आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ती आल्यानंतर जगभर पसरली. त्याआधी नांगर मागे नुसता ओढला जात असे, आणि फाळ खडकाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटत असे. फर्ग्युसनने तो धोका कमी केला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे; फक्त दोन-अडीच क्विंटलचे अवजार ओल्या जमिनीत रुतलेले असताना एकट्या निवृत्त माणसाने त्याच्यासमोर ट्रॅक्टर अर्ध्या इंचाच्या हिशेबाने उलटा कसा आणावा, यावर त्याने थोडा विचार करायला हवा होता. आधी डावा हात, मग उजवा, कारण उजवा हँडल फिरवून वरखाली करता येतो, आणि शेवटी टॉपलिंक, असा क्रम आहे. डावा बसला की उजवा चार बोटे लांब राहतो. उजव्यासाठी ट्रॅक्टर जरा मागे घेतला की डाव्याची खीळ गवतात पडते. ती सापडली की पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, शाफ्टच्या खाचा जुळवायच्या, ज्या सहा आहेत, म्हणजे पाच वेळा चुकण्याची मुभा आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात कितीही वेळा चुकता येते.

चालवण्याबद्दल सांगायचे तर चाळीस वर्षांचा मोटार चालवण्याचा अनुभव ट्रॅक्टरवर शत्रूसारखा वागतो. मोटारीत पाय उचलला की गाडी मंदावते. ट्रॅक्टरवर हाताच्या दांड्याने एकदा वेग ठरवला की पाय कुठेही असला तरी यंत्र आपल्या वचनाला जागते. ब्रेकचे पेडल एक नसून दोन असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे, म्हणजे शेताच्या टोकाला एकच दाबून जागच्या जागी वळता यावे. एरवी दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडून ठेवायची असतात. कडी जोडलेली नाही हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी अंगणात होतो, समोर तुळशीवृंदावन होते, आणि मी थांबण्यासाठी सर्व शक्तीनिशी जे पेडल दाबले ते उजवे होते. ट्रॅक्टर थांबला नाही. त्याने अत्यंत डौलाने उजवीकडे गिरकी घेतली, तुळस वाचवली, आणि खोल नक्षीच्या मागच्या टायरांनी लॉनवर एक अर्धवर्तुळ काढले, जे पुढचा पाऊस होईपर्यंत पाहुण्यांना दाखवण्यात येत असे.

त्याच दिवशी घाबरून मी किल्ली काढली, खिशात टाकली आणि आत जाऊन बसलो. बाहेर ट्रॅक्टर चालूच होता. किल्ली माझ्या मुठीत होती आणि इंजिन टकटकटक करत होते, तेव्हा क्षणभर माझा यंत्रशास्त्रावरचा विश्वास उडाला. ज्या शोरूममध्ये फोन केला तिथला तो तरुण शांतपणे म्हणाला, "साहेब, डिझेल आहे. स्टॉपचा नॉब ओढा." किल्लीने फक्त वीज बंद होते, डिझेलचा पुरवठा नॉब तोडतो, ही गोष्ट त्याने डिलिव्हरीच्या दिवशी सांगितली होती म्हणे. तेव्हा मी बहुधा बॉनेटवर स्वस्तिक काढत होतो.

रोटाव्हेटरची मात्र मी तक्रार करणार नाही, कारण तो आपले काम अतिशय मनापासून करतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरत असताना समोर गवत आहे, घाणेरी आहे की आंब्यांना पाणी देणारी सोळा मिलिमीटरची ठिबकची नळी आहे, असा भेदभाव त्याच्याकडे नाही. ती नळी त्याने अशी गुंडाळून घेतली की एका आंब्याजवळून सुरू झालेली ओळ सातव्या आंब्यापर्यंत सरसर सरकत येऊन पात्यांच्या पोटात गेली, आणि मला वाटले साप पळाला. नंतर दोन तास मी इंजिन बंद करून, नॉब ओढून, पुन्हा एकदा नॉब ओढला असल्याची खात्री करून, त्याच्या शेजारी उताणा पडून विळ्याने ती काळी वेटोळी कापत होतो. मातीत मिसळलेले गरम प्लॅस्टिक आणि चेचलेली घाणेरी यांचा एकत्रित वास माझ्या सदऱ्याला आजही आहे. कुंपणावर हात टेकून तात्या हे सर्व पाहत होते.

हिशेब मी त्या रात्री केला. तासाला बाराशे रुपये या दराने भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला असता तर वर्षाला चार तासांत, म्हणजे अठ्ठेचाळीसशे रुपयांत, माझे सगळे काम उरकले असते. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून साडेचार लाख झाले होते. व्याज न धरता, डिझेल आणि ठिबकच्या नळ्या फुकट समजून, माझे पैसे वसूल व्हायला पावणेचौऱ्याण्णव वर्षे लागणार होती. एकतीस वर्षे मी बँकेत कर्जविभागात काढली आणि याहून बऱ्या हिशेबाचे अर्ज मी लाल शेरा मारून परत पाठवले आहेत.

निदान यंत्र वापरात राहावे म्हणून जुलैत मी तात्यांना त्यांच्या खाचरांची चिखलणी फुकट करून देण्याची तयारी दाखवली. तात्यांनी टोपी मागे सारली. "बैलं हायत की, साहेब. तुमच्याकडं बगून आमचा येळ झ्याक जातो, तेवढं बास."

वर्ष पूर्ण झाल्यावर सर्व्हिसिंगला मेकॅनिक घरी आला. पहिली सर्व्हिसिंग पन्नास तासांना करायची असते, म्हणून त्याने आधी तासांचा मीटर पुसून पाहिला. मीटरवर सतरा होते. त्यातले चार मशागतीचे, एक मी किल्ली खिशात घालून आत बसलो होतो त्याचा, आणि बाकीचे डावा हात, उजवा हात आणि टॉपलिंक यांचे. मेकॅनिकने काचेवर टिचकी मारली, वाकून मागे पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाला, "साहेब, मीटर बंद पडलेला दिसतोय. उघडून बघतो." मी त्याला बघ म्हणालो आणि चहा सांगायला आत गेलो.