क्रिम्पचं काय?

लेखात म्हटलंय की अमेरिकेत लष्कराच्या सरप्लस ७.६२×५१ रायफल काडतुसांच्या वापरलेल्या केसेस (रिकामी पितळी कवचं) रीलोडिंगला, म्हणजे पुन्हा भरून वापरायला, स्वस्त पडतात. खरं आहे, पण प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) बसतो त्या पॉकेटच्या क्रिम्पचा, म्हणजे प्रायमर घट्ट धरायला दाबलेल्या कडेचा, उल्लेखच नाही. लष्करी केसमध्ये जुना प्रायमर काढल्यावर पॉकेटच्या तोंडाशी आत वळलेली कड उरते. ती रीमरने (कापून) किंवा स्वेजरने (दाबून) आधी काढा. तशीच ठेवून नवा प्रायमर दाबलात तर तो चेपतो, प्रसंगी पेटतोही. आणि जुना प्रायमर काढण्याआधी केसच्या आत डोकावून पाहा: बुडाशी मधोमध एकच भोक हवं. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची केस, जुना प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन मोडेल.

मशीनगनमधल्या केसेस जास्त ताणलेल्या असतात. तारेचं टोक वाकवून केसच्या आतल्या भिंतीवरून फिरवा. बुडाच्या जरा वर ते अडखळलं की आत खाच पडली समजा. ती केस सरळ भंगारात. उरलेल्या केसेस फुल-लेंग्थ साइझ करून (डायमध्ये दाबून मूळ मापावर आणून) २.००५ इंच लांबीवर ट्रिम करा.

लष्करी केसची भिंत बऱ्याचदा जाड, म्हणून आतली जागा कमी आणि त्याच पावडरला दाब जास्त. रीलोडिंग मॅन्युअलमधला कमाल लोड (पावडरचं प्रमाण) इथे थेट वापरूच नका, सुरुवातीच्या लोडपासून चढत जा. आणि सुट्या केलेल्या काडतुसांतली अनोळखी पावडर? रंगावरून ओळखता येत नाही, ती घेऊच नका.