‘इमॅन्युएल’मध्ये नाव कुणाला आहे?

‘इमॅन्युएल’ हा १९७४ चा फ्रेंच सिनेमा बाईच्या मुक्तीची गोष्ट म्हणून खपवला गेला. पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरच्या एका थिएटरात तो दहा वर्षांहून जास्त चालला. त्याला आजही ‘काळाच्या पुढचा’ म्हणणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे: कागद-पेन घेऊन तो पुन्हा बघा.

कागदावर तीन रकाने आखा. नाव कुणाला आहे, पुढे काय करायचं हे कोण ठरवतं, आणि कॅमेरा कुणाच्या बाजूनं बघतो. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा. प्येर बाशलेचं संगीत इतकं मऊ आहे की ते कानावर पडत असलं तर जबरदस्तीचा प्रसंगही स्वप्नासारखा वाटतो आणि नोंद चुकते. मग दुसऱ्यांदा संवादांसाठी बघा.

नावं असलेल्या दोन बायका पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का, एवढंच बघणाऱ्या बेक्डेल चाचणीवर भिस्त ठेवू नका. इथे बायकांना नावं आहेत, त्या एकमेकींशी बोलतातही. पण बोलणं झाल्यावर निर्णय कुणाचा, हे ती चाचणी विचारत नाही.

दुसरा रकाना भरताना सिनेमाचे दोन तुकडे पडलेले दिसतील. पूर्वार्धात बी नावाची पुरातत्त्वज्ञ भेटते. स्वतःचं काम असलेली ही बाई या कथेत उठून दिसते. नायिका इमॅन्युएल तिच्यावर जीव लावते, तिच्याबरोबर उत्खननाच्या जागी जाते, आणि नकार मिळून परतते. सिनेमातला सगळ्यात खरा भाग हाच, आणि तो भराभर उरकलाय. त्यानंतर सूत्रं मारिओ या वयस्क पुरुषाकडे जातात. मारिओ झालेल्या आलँ क्युनीचा जन्म १९०८ चा, इमॅन्युएल झालेल्या सिल्व्हिया क्रिस्टेलचा १९५२ चा, म्हणजे ४४ वर्षांचं अंतर. मारिओ तत्त्वज्ञान सांगतो, ती ऐकते. अफूच्या अड्ड्यावर तिच्यावर बलात्कार होतो आणि पटकथा त्याला ‘शिक्षण’ म्हणते. इथे ‘मुक्ती’ हा शब्द आम्हाला मान्यच नाही.

‘तो काळच तसा होता’ हा बचाव टिकत नाही. त्याच १९७४ मध्ये बेल्जियमच्या शांताल आकेर्माननं ‘ज तू इल एल’ केला. त्यातही दोन बायकांचा प्रणय आहे, पण कॅमेरा दूर आणि स्थिर, शरीराचे तुकडे न पाडणारा. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा, तिसरा रकाना आपोआप भरेल. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्हीचा पुरुषी नजरेवरचा निबंध १९७५ चा आहे. तो त्यानंतर वाचावा, आधी नको. नाहीतर माणूस सिनेमा न बघता निबंधच बघत बसतो.

पहिल्या रकान्याकडे मात्र बहुतेक समीक्षा फिरकत नाही. कथा बँकॉकमध्ये घडते, पण कथेला वळण देणारी सगळी पात्रं पाश्चात्य. थाई माणसं नोकर, नर्तकी, मुष्टियोद्धे आणि अड्ड्यावरचे पुरुष. बलात्कार करणारे थाई, तो घडवून आणणारा मारिओ युरोपीय, आणि सिनेमा ‘गुरू’ मानतो तो दुसऱ्याला. लिंगभाव आणि वंश हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासले की नेमकी हीच जागा निसटते, कारण इथे एक अन्याय दुसऱ्याच्या आड लपवलेला आहे.

ज्या कादंबरीवर हे सगळं बेतलंय तिच्यावर लेखिका म्हणून इमॅन्युएल आर्सां हे टोपणनाव आहे, आणि ते टोपणनाव बँकॉकमध्ये जन्मलेल्या मरायत या थाई बाईचं. पुस्तक तिच्या फ्रेंच नवऱ्यानं लिहिलं असंही अनेकजण मानतात. ते काहीही असो, थाई बाईच्या नावावर खपलेल्या गोष्टीत थाई बाईला बोलायला जागा नाही.

२०२४ मध्ये ऑद्रे दिवाननं नव्या सिनेमात हीच कथा हाँगकाँगला नेली. त्यात आशियाई पात्रांना नावं आहेत, संवाद आहेत. तेच तीन रकाने घेऊन तोही बघा.