‘कोवाल्स्की’ आडनावावरून कूळ, धर्म आणि धंदा ओळखता येतो का?

पोलिश आडनावांबद्दलचा एक मजकूर बरीच वर्षं निरनिराळ्या भाषांत फिरतो आहे आणि आता मराठी गटांतही तो सर्रास पुढे ढकलला जातो. त्याचा गाभा असा: कोवाल्स्की हे पोलंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. त्याचा अर्थ लोहार, म्हणून या आडनावाच्या प्रत्येकाचा मूळपुरुष लोहार. आडनावाच्या शेवटी ‘स्की’ असेल तर घराणं उमरावांचं. रोमन लिपीत शेवटचं अक्षर ‘आय’ असेल तर माणूस पोलिश कॅथलिक आणि ‘वाय’ असेल तर ज्यू. आणि अमेरिकेत जे कोवाल्स्की ‘स्मिथ’ झाले, त्यांची नावं एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई तिथल्या, कारकुनांनी बदलली.

यातला दुसरा आणि तिसरा दावा एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एकाच घराण्याचा मूळपुरुष लोहारही ठरतो आणि उमरावही. जुन्या पोलंडमध्ये उमरावाने हातकाम किंवा व्यापार करणं हे त्याच्या दर्जाला बट्टा लावणारं मानलं जाई, म्हणजे हे दोन्ही एकदम खरं असणं जवळजवळ अशक्य. तरीही मजकूर पुढे जात राहतो. आडनाव ऐकलं की माणसाची जात, गाव, पायरी ठरवायची सवय आपल्यालाही आहे, त्यामुळे दुसऱ्या देशाबद्दल तसंच काही वाचलं की ते लगेच पटतं. पण या मजकुरावर विसंबून लोक आपल्या किंवा दुसऱ्याच्या पूर्वजांचा धर्म ठरवतात, पैसे मोजून ‘घराण्याचं चिन्ह’ विकत घेतात, म्हणून त्याचं सविस्तर खंडन करायला हवं.

आधी आकडे. पोलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक आहे. तिथलं सरकार लोकसंख्या नोंदणीतून आडनावांच्या याद्या नियमित जाहीर करतं. त्यांत नोवाक दोन लाखांच्या आसपास आहेत, तर कोवाल्स्की दुसऱ्या क्रमांकावर, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. हा दुसरा आकडा बायका-पुरुष मिळून आहे, कारण कोवाल्स्की हे व्याकरणाने विशेषण आहे आणि लिंगाप्रमाणे बदलतं: पुरुष कोवाल्स्की, बाई कोवाल्स्का. सरकारी याद्याही पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी अशा असतात. कोवाल्स्का हे निराळं आडनाव समजून जो फक्त एक रूप शोधतो, त्याच्या हाती निम्मीच संख्या लागते. नोवाक मात्र नाम आहे, त्यामुळे आज नवरा-बायको दोघंही नोवाकच. पूर्वी बायकोला नोवाकोवा आणि मुलीला नोवाकुव्ना म्हणत, ती पद्धत आता मागे पडली.

मग कोवाल्स्की पहिल्या नंबरावर असल्याचा समज आला कुठून? तो पोलंडमधूनच आला. अर्ज भरण्याच्या नमुन्यावर, बँकेच्या जाहिरातीत, वर्तमानपत्रातल्या महागाईच्या बातमीत सामान्य माणसाचं नाव म्हणून ‘यान कोवाल्स्की’ छापतात. तो प्रातिनिधिक आहे, म्हणून बाहेरच्यांनी त्याला बहुसंख्य समजून घेतलं. आणि पहिला नंबर नोवाकचा असला तरी तो किती मोठा? पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या घरात आहे, म्हणजे साधारण दोनशे माणसांत एक नोवाक. नोवाकचा अर्थ गावात नव्याने आलेला. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हेनियातही हेच आडनाव यादीच्या शेंड्यावर आहे.

आता लोहार. ‘कोवाल’ म्हणजे लोहार हे बरोबर आहे. पण त्यावरून कोवाल्स्की थेट लोहाराचा वंशज ठरत नाही, कारण या आडनावाकडे येणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत. ‘स्की’ हा प्रत्यय मुळात ‘अमुक ठिकाणचा’ हे सांगण्यासाठी लागे, आपल्या ‘कर’सारखा. पोलंडच्या कुयावी प्रांतात कोवाल नावाचं एक जुनं गाव आहे. पोलंडचा राजा कॅझिमिर, ज्याला ‘महान’ म्हणतात, तो तिथे १३१० साली जन्मला. त्या कोवालचा तो कोवाल्स्की. शिवाय कोवाले नावाची खेडी पोलंडभर विखुरलेली आहेत, त्यांचाही कोवाल्स्कीच.

ही खेडी कशी झाली हे जाणून घेण्यासारखं आहे. दहाव्या ते बाराव्या शतकात पियास्त घराण्याच्या राजांनी आपल्या गढ्यांभोवती कामानुसार वस्त्या वसवल्या. एका वस्तीने ढाली पुरवायच्या, दुसरीने भाकरी भाजायच्या, तिसरीने शिकारीचे ससाणे सांभाळायचे. श्चित्निकी, पिएकारी, सोकोल्निकी ही गावांची नावं आजही ते जुनं काम सांगतात. कोवाले त्याच जातकुळीतलं. ही व्यवस्था मध्ययुगातच मोडली, गावांची नावं मात्र राहिली. त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी अशा गावातून बाहेर पडलेला माणूस कोवाल्स्की म्हणवून घेऊ लागला, तेव्हा त्याच्या गावात भाता होता की नव्हता याचा आडनावाशी काही संबंध उरला नव्हता.

लोहाराच्या घरातून आलेले कोवाल्स्कीही आहेत, नाही असं नाही. पण धंद्यावरून थेट पडलेली नावं पोलिशमध्ये वेगळी आहेत: नुसतं कोवाल, कोवालिक आणि कोवाल्चिक. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा पोर किंवा त्याच्या हाताखालचा उमेदवार, आणि हे आडनावही पोलंडच्या पहिल्या दहांत आहे.

एक कोवाल्स्का आपल्याकडेही माहीत आहे. वसई आणि गोव्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत येशूच्या हृदयातून लाल आणि फिकट किरण निघालेलं दैवी दयेचं चित्र असतं. ती भक्ती ज्यांच्यापासून सुरू झाली त्या संत फाउस्तिना म्हणजे हेलेना कोवाल्स्का. जन्म १९०५, ग्लोगोव्येत्स नावाच्या खेड्यात, मृत्यू १९३८, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना संतपद दिलं. घरची गरिबी, दहा भावंडं. वडील थोडीफार शेती करत आणि सुतारकाम करत. आडनावात लोहार आणि शेवटी ‘स्की’, पण घरात लोहारही नाही आणि उमरावही नाही.

उमरावकीचा दावा सर्वांत चिवट आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात ‘स्की’ची आडनावं प्रथम जमीनदार घराण्यांत रुजली हे खरं. ज्याची जहागीर तेंचिनची तो तेंचिन्स्की, लेश्नोची तो लेश्चिन्स्की. पोलंडचा प्रसिद्ध चान्सलर यान झामोय्स्की याच्या घराण्याचं नावही गावावरूनच पडलं. म्हणून ‘स्की’ला वजन आलं. आणि वजन आल्याबरोबर ते इतरांनाही हवंसं झालं.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्राकूवच्या परिसरात वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाचा, हलाखीत आलेला एक उमराव राहत होता. खोटे उमराव शोधून काढायचे हा त्याने ध्यास घेतला. जत्रा, बाजार, न्यायालयं, जिथे म्हणून माणसं जमत तिथे जाऊन तो कान देई आणि कोण मुळात शेतकऱ्याचा, कोण मोच्याचा, कोण खाणावळवाल्याचा मुलगा हे टिपून ठेवी. अशी सुमारे अडीच हजार नावं त्याने जमवली. बायबलमधल्या नोहाचा शापित मुलगा हाम हा शेतकऱ्यांचा पूर्वज, असं तेव्हाचे उमराव मानत. त्यावरून त्याच्या हस्तलिखिताला ‘लीबेर खामोरुम’, म्हणजे हामच्या लेकरांची वही, हे नाव मिळालं. त्या वहीत ठिकठिकाणी तोच प्रकार दिसतो: माणूस गाव सोडतो, दूर जातो, मूळ नावाला ‘स्की’ जोडतो, चार पैसे मिळवून उमरावाच्या मुलीशी लग्न करतो, आणि पुढच्या पिढीला कोणी विचारत नाही. त्रेप्काने ऐकीव गोष्टीही लिहिल्या आहेत आणि त्याच्या मनातला विखार पानोपानी जाणवतो. तरीही १६४० च्या आधीच ‘स्की’ ही उमरावकीची खूण म्हणून विश्वासार्ह उरली नव्हती, एवढं ती वही स्वच्छ सांगते. शिवाय त्या काळच्या पोलंडमध्ये घराण्यांची चिन्हं तपासून नोंदवणारी सरकारी कचेरीच नव्हती. आधुनिक काळात साधे शेतकरी, कारागीर आणि शहरात आलेले मजूर यांची कायम आडनावं नोंदली गेली, तेव्हा तर ‘स्की’ सर्रास झालं. आज पोलंडच्या पहिल्या हजार आडनावांतली सुमारे एक तृतीयांश या गटातली आहेत. उमराव मात्र लोकसंख्येच्या आठ-दहा टक्क्यांच्या आसपासच होते.

उलट बाजूही पाहायला हवी. राजिविव, सापिएहा, कोश्चुश्को, मित्स्क्येविच, रेय: ही सगळी उमराव घराणी, आणि एकाच्याही शेवटी ‘स्की’ नाही. आणि खरा उमराव म्हणजे श्रीमंत, हेही धरून चालू नये. वॉर्साभोवतीच्या माझोव्हिया प्रांतात स्वतःचा नांगर स्वतः धरणाऱ्या उमरावांची गावंच्या गावं होती. मेरी क्युरी, म्हणजे मारिया स्क्वोदोव्स्का, अशाच छोट्या उमराव कुळातली. स्क्वोदी नावाच्या गावावरून ते आडनाव पडलं. वडील शिक्षक होते आणि घर चालवायला पैसे घेऊन विद्यार्थी घरात राहायला ठेवत.

कोवाल्स्की नावाची उमराव घराणीही होती, पण एक नव्हे, अनेक, आणि त्यांची चिन्हं वेगवेगळी. पोलंडमध्ये एकच चिन्ह शेकडो निरनिराळ्या आडनावांची घराणी वापरत. त्यामुळे ‘कोवाल्स्कींचं चिन्ह’ म्हणून छापील कप किंवा चौकट विकणारा काय विकतो आहे, याचा विचार घेणाऱ्याने जरूर करावा. १९२१ च्या राज्यघटनेने तर पोलंडने किताब आणि चिन्हांची सरकारी मान्यताच काढून घेतली.

धर्माचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. आडनावावरून ज्यू कोण हे ठरवण्याचा खेळ त्या भूमीवर काय करून गेला हे माहीत असताना असा मजकूर निष्काळजीपणे पुढे ढकलू नये. मुळात ‘आय’ आणि ‘वाय’चा फरक लिहिणाऱ्याच्या भाषेचा आहे, माणसाच्या धर्माचा नाही. पोलिश लेखनात ‘स्की’ नेहमी ‘आय’नेच लिहितात. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये १८६८ पासून जन्म-मृत्यूच्या नोंदी रशियन भाषेत आणि सिरिलिक लिपीत होऊ लागल्या. त्या कागदावरून नाव पुन्हा रोमनमध्ये उतरवताना जर्मन किंवा इंग्रज कारकून ‘वाय’ लावी. त्यामुळे एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाचं नाव एका अक्षराने संपतं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या, असंही होऊ शकतं.

आणि कोवाल्स्की ज्यूही होते. वर ज्या कोवाल गावाचा उल्लेख केला, त्याच्या जवळच व्लोत्स्वावेक हे शहर आहे. तिथले रब्बी येहुदा लेइब कोवाल्स्की १९२० च्या दशकात पोलंडच्या सिनेटचे सदस्य होते. तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड तार्स्की जन्माने ज्यू, मूळ आडनाव टाइटेलबाउम. तार्स्की हे त्यांनी तरुणपणी घेतलं. क्रिचिन्स्की हे पोलंड-लिथुआनियातल्या तातार मुसलमानांचं नामांकित घराणं. कॅथलिक, ज्यू, मुसलमान, तिन्हींत ‘स्की’ आहे.

एलिस बेटाची गोष्ट लवकर संपते. तिथले अधिकारी नवी नावं लिहून घेत नसत. हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत जहाज कंपनीने भरलेल्या प्रवासी याद्या समोर ठेवून ते माणसं तपासत. नावं बदलली ती नंतर, कारखान्यात, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जावर, आणि बहुतेकांनी ती स्वतःच बदलली. कधी उलटही झालं: कॅनडात जन्मलेला मल्ल किलर कोवाल्स्की याचं जन्माचं आडनाव स्पुल्निक होतं, आखाड्यासाठी त्याने कोवाल्स्की घेतलं.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘उमराव घराण्यांतली माणसं’ असा शब्दप्रयोग आडनावं पाहून करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधून जे लोक सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकलले, त्यांतलेच हे निर्वासित. हाकललेल्यांत जमीन मिळालेले माजी सैनिक, जंगल खात्यातले रखवालदार, शेतकरी, पोलीस, शिक्षक अशांची कुटुंबं होती. त्यांना हद्दपार करताना कोणी वंशावळ विचारली नव्हती.

एखाद्या कोवाल्स्कीचं मूळ खरोखर शोधायचं असेल तर त्याचा रस्ता ठरलेला आहे. आधी पूर्वजाचं नेमकं गाव शोधायचं, मग त्या गावाच्या चर्चची किंवा ज्यू समाजाची नोंदवही. नेपोलियनने उभारलेल्या वॉर्सा संस्थानात १८०८ पासून फ्रेंच पद्धतीच्या नोंदी सुरू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच आता पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांनी आणि स्वयंसेवी संशोधकांनी इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, फुकट. त्या नोंदीत एकेक जन्म सलग वाक्यांत लिहिलेला असतो: बाप समक्ष हजर झाला, त्याचं नाव, वय, गाव, धंदा, सोबत दोन साक्षीदार, त्यांचंही वय आणि धंदा. कोवाल्स्की शेतकरी होता, लोहार होता की उमराव, ते तिथे लिहिलेलं सापडतं.