शार्कुटरी बोर्ड, मुक्काम पोस्ट आंजर्ले

जगात इतक्या बश्या असताना माणसाला फळीवर खावंसं का वाटतं, हा प्रश्न मी पुतणीला विचारला. तिनं उत्तरादाखल आणखी एक फोटो पाठवला. काळपट लाकडाची एक फळी, टोकाला मूठ, मुठीला भोक. वर आरपार दिसतील इतके पातळ गुलाबी मांसाचे काप, चीजचे त्रिकोण, द्राक्षं, अंजिरं, बदाम आणि कोपऱ्यात मधाची वाटी. "काका, याला शार्कुटरी बोर्ड म्हणतात. मे महिन्यात मैत्रिणींना घेऊन येतेय. तुला जमेल का रे करायला?"

निवृत्त माणसाला 'जमेल का' असं विचारणं ही सरळसरळ चिथावणी आहे.

अडचण एकच होती. आमच्या घरात अंडंसुद्धा पडवीची पायरी चढत नाही. त्यामुळे ही फळी कशासाठी, हे आईला कळू द्यायचं नव्हतं. तिला सांगितलं, फळं मांडायला लाकडाची फळी करतोय. ती म्हणाली, "म्हणजे पाट." मी म्हटलं, पाट नव्हे, याला मूठ असते. "असू दे. मला तुळशीपुढे बसायला हवाच आहे एक."

लाकूड कुठलं घ्यावं यावर एसटीच्या थांब्यावर चर्चा झाली. अशा चर्चेला आमच्याकडे आमंत्रण लागत नाही. एकजण म्हणाला, मांस ठेवायचं तर चिंच घ्या. खाटकाचा ओंडका चिंचेचाच असतो, कितीही सुरे हाणा, ढलपी उडत नाही. दुसऱ्यानं पांगारा सुचवला, कारण सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार त्याची. पण पांगारा हलका आणि मऊ. लाकडी केळी-आंबे कोरायला उत्तम, सुरीखाली मात्र तो टिकणार नाही. नारळाच्या खोडात तंतूच तंतू, त्याची कूस बोटात गेली की पुढचा आठवडा सुई घेऊन बसा. आंब्याला किडा लवकर लागतो. साग म्हटल्यावर सगळे भाव आठवून गप्प झाले. परदेशात म्हणे यासाठी मेपल, अक्रोड, चेरी असलं घट्ट लाकूड घेतात. बारीक छिद्रांचं, म्हणजे तेलकट रस आत मुरत नाही. आमच्याकडे यातलं अक्रोड तेवढं मिळतं, पण खायचं, आणि तेही दिवाळीला.

"आईला सांगू नका हं," असं मी निघताना सगळ्यांना बजावलं.

लाकूड शेवटी घरातच सापडलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या दापोली तालुक्यातल्या कित्येक बागा आडव्या झाल्या आणि आमचा मागीलदारचा फणसही गेला. एरवी उभा फणस तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढावी लागते. वादळानं अर्जबिर्ज न करता एका दुपारी काम उरकलं. त्यातली दीड इंच जाडीची एक फळी माळ्यावर पडून होती. ओलं लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब असतो. आमच्या फळीला त्याहून पुष्कळ जास्त मिळालं होतं, कारण माळा आवरायचं दरवर्षी ठरतं.

रंधा मागायला सुतारमामांकडे गेलो. त्यांनी माप ऐकलं. "भाऊ, दीड फूट बाय नऊ इंच? ह्यो पाटच झाला की ओ."

"मूठ आहे त्याला."

"मग मुठीचा पाट."

फणसाचा एक स्वभाव आहे, तो कुणी आधी सांगत नाही. त्याची नस सरळ जात नाही. एक पट्टा इकडे कललेला, शेजारचा तिकडे. डावीकडून रंधा मारला की निम्मी फळी गुळगुळीत आणि निम्मी ओरबाडलेली. उजवीकडून मारला की गुळगुळीत होती ती ओरबाडलेली आणि ओरबाडलेली होती ती गुळगुळीत. या उद्योगात फळीची जाडी तेवढी इमानेइतबारे कमी होत होती. मामा पडवीच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत पाहत होते. ती मळून, तोंडात टाकून, स्थिरस्थावर झाल्यावर म्हणाले, "पातं काढा. घासा. केसभरच भायेर ठेवा आणि तिरका मारा." तिरका मारल्यावर फळी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. हे तंबाखूच्या आधी सांगायला काय हरकत होती, पण रंधा त्यांचा होता.

मग पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, १८०, शेवटी २२०. नंबर वाढतो तसा पेपर मऊ होतो आणि माणसाचे खांदे कडक. फणसाचं लाकूड आतून पिवळंधमक निघतं, उजेड-वारा लागून वर्षानुवर्षांनी तपकिरी होतं. त्याचा भुगाही पिवळा. माझ्या भुवया, कान, बनियन, सगळं पिवळं. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो, या वयात हळद कुणाची लागली तुम्हाला?"

एवढं झाल्यावर त्या गुळगुळीत फळीवर ओलं फडकं फिरवायचं असतं. पाणी लागलं की लाकडाचं तूस उभं राहतं. ते वाळवून पुन्हा २२० मारायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात फळी खरखरीत होते. हे सगळं शास्त्राला धरून आहे. पण घासून झालेली वस्तू भिजवून परत घासणाऱ्या नवऱ्याकडे बायको ज्या नजरेनं बघते, त्याला शास्त्रात उत्तर नाही.

आता तेल. आई म्हणाली, खोबरेल लाव. पण खोबरेल मुरलं की पुढेमागे खवट होतं आणि वास फळीला कायमचा चिकटतो. शेजारच्या बागाईतदारानं उदार मनानं काजूच्या टरफलांचं तेल देऊ केलं. "होडीला लावतात. वाळवी जन्मात येणार नाही." वाळवी येणार नाही हे खरं, पाहुणेही येणार नाहीत. काजूचा डीक बोटाला लागला तर कातडी सोलून निघते, इथे तर पुण्याच्या मुलींचे ओठ होते. अशा फळीला लावतात ते खनिज तेल. ते खवटत नाही, त्याला वास नाही, चव नाही, पोटात गेलं तरी अपाय नाही. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन या नावानं मिळतं. कशाचं औषध म्हणून मिळतं, ते मला दुकानात पोचल्यावर आठवलं.

"लिक्विड पॅराफिन आहे का?"

दुकानदारानं आवाज खाली आणला. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"होत नाहीये त्याला."

"अहो, मला नकोय. फळीला हवंय."

तो समजूतदारपणे हसला. "सगळे दुसऱ्याचंच नाव सांगतात, काका. फळीचं मात्र पहिल्यांदाच ऐकलं." पुढे वाकून म्हणाला, "लहान बाटली देऊ?"

"मोठी. दोन द्या."

त्याचा चेहरा गंभीर झाला. "एका वेळी दोन-तीन चमचेच हं. आणि दुसऱ्या दिवशी एसटीचा प्रवास नको."

संध्याकाळपर्यंत बातमी मी सायकलवरून घरी पोचायच्या आधी घरी पोचली होती. देवळात एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून त्रिफळा सुचवला. शेजारच्या काकूंनी कोमट पाण्यात तूप सांगितलं आणि पेरूही पाठवले. तेल गरम करून त्यात मधमाश्यांचं मेण वितळवायचं असतं, चार भाग तेलाला एक भाग मेण. ते पातेलं मी गॅसवर ढवळत असताना डोकावलेल्या प्रत्येकानं 'एवढं?' असं म्हणून माघार घेतली.

पण फळी झाली सुरेख. तेल पिऊन पिवळ्याचा मधाळ रंग आला, नसांचे पट्टे उजेडात हलल्यासारखे दिसायला लागले. मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. सगळे म्हणत होते, पाट छान झालाय.

पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी धुण्याभांड्याच्या मावशींनी ती मनापासून घासली, काथ्यानं, दोन्ही बाजूंनी, आणि मेच्या उन्हात अंगणात पसरली. वरची बाजू सुकून आकसली, जमिनीकडची ओलीच राहिली. दुपारी बघतो तर फळीची होडी. घाबरण्याचं कारण नव्हतं. होडी पालथी घातली, पोकळ बाजू सारवलेल्या गार जमिनीकडे, फुगीर बाजू उन्हाकडे. तिन्हीसांजेपर्यंत ती पुष्कळशी सरळ झाली. जो किंचित बाक उरला, तो कलाकुसरीचा आहे असं मी ठरवलं.

मुली आल्या. मांडणी अंगणात, आंब्याखाली. आंबापोळीच्या गुंडाळ्या, फणसपोळीचे चौकोन, भाजलेले काजू, बायकोनं केलेली करवंदाची चटणी, पुण्याहून आणलेलं चीज. मग पुतणीनं बर्फाच्या पेटीतून पाकीट काढलं आणि ते गुलाबी काप फळीवर घड्या घालून मांडले. मीठ लावून महिनोन् महिने वाऱ्यावर सुकवलेलं मांस. चार-पाच मैलांवर हर्णैला मासळीचं हेच करतात, पण ती मासळी असं इंग्रजी बोलत नाही.

एवढ्यात आई पडवीत आली. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"काय गं ते गुलाबी?"

"बीट आहे, आजी," पुतणी म्हणाली.

आईनं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बीट होय. थांब्यावरच्या चौघांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलंय कसलं बीट ते. खा सावकाश. फक्त अंगणातच खा, आणि ती फळी आता तुमच्याकडेच ठेवा." मग ती वळता वळता मला म्हणाली, "माळ्यावर अर्धी फळी अजून शिल्लक आहे, मला माहितीये. तिचा माझा पाट कर. आणि त्याला ते जुलाबाचं तेल नको हं, तुझ्यासाठी ठेव."