आमच्याकडे हिरडा असतो

महिनाभर लिहू की नको करत होते. ज्या मुलीबद्दल हे आहे तिला आणि तिच्या आईवडिलांना आधी वाचायला दिलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. आता टाकतेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिलअखेर आमच्या पुण्यातल्या शाळेची नववीची चौतीस मुलं न्यूझीलंडला गेली. मी आणि आणखी दोन शिक्षक सोबत. खर्चाचा आकडा सांगत नाही, माझ्या आईने ऐकला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एवढ्यात तुझं लग्न दोनदा झालं असतं." सहलीच्या छापील पत्रकात चौथ्या दिवशी लिहिलं होतं: "आदिवासी संस्कृतीचा थरारक अनुभव, जेवणासह." त्याच्या वरच्या ओळीत बंजी जंपिंग होतं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं, हेही कबूल करते.

ऑकलंडहून तीनेक तासांवर रोटोरुआ. बस गावात शिरली आणि मुलांनी एकमेकांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. वास गंधकाचा होता. जमिनीतून जागोजागी वाफ येते, चिखल रटरटत असतो. तिथे फाकारेवारेवा नावाचं माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे. माओरीत 'डब्ल्यूएच'चा उच्चार 'फ' होतो हे कळल्यावर आमच्या मागच्या बाकांवर जे खिदळणं सुरू झालं ते सांगण्यात अर्थ नाही. नववीची मुलं आहेत.

हे गाव म्हणजे देखावा नाही, लोक तिथे राहतात. १८८६ साली तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गावंच्या गावं राखेखाली गेली. वाचलेल्या तूहोरांगी या माओरी कुळाच्या लोकांना फाकारेवारेवाच्या नातलगांनी आसरा दिला. उद्रेकाच्या आधीपासून या लोकांच्या बायका परदेशी पाहुण्यांना वाट दाखवायचं काम करत आल्यात. आम्हाला फिरवणाऱ्या बाईही त्याच गावच्या. उकळत्या कुंडात जाळीत बांधून सोडलेली मक्याची कणसं त्यांनी बाहेर काढली, तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, "मॅम, सिंहगडावर भाजलेलं जास्त चांगलं लागतं." खरं आहे ते. पण त्या बाईंचं एक लक्षात राहिलं. एका गल्लीच्या तोंडाशी थांबून त्या म्हणाल्या, इथून पुढे नाही, तिकडे आमची घरं आहेत. संपलं. चौतीस मोबाईल खाली आले.

संध्याकाळी आम्ही एका मराएवर गेलो. मराए म्हणजे त्या कुळाचं सभास्थान. तिथे आपण उठून आत जायचं नसतं. दाराबाहेर थांबायचं, आतून एक बाई लांब सुरात हाक घालते आणि मग पाहुण्यांनी हळूहळू पुढे सरकायचं. सुरुवात बाईच्या आवाजाने होते हे मला फार आवडलं. मग भाला घेतलेला एक तरुण डोळे वटारत पुढे येतो आणि जमिनीवर एक पान ठेवतो. आपल्यातल्या म्होरक्याने नजर न हलवता ते उचलायचं: आम्ही भांडायला आलेलो नाही. बूट काढायला आमच्या मुलांना सांगावं लागलं नाही. उशीवर बसू नका, असं त्यांनी बजावलं. डोकं त्यांच्यात पवित्र मानतात, म्हणून डोक्याखालच्या वस्तूवर बूड टेकायचं नाही. आमची आजी उशीवर बसलं की पाठीत धपाटा घालायची, कारण न सांगता.

यजमानांचं भाषण झालं, त्यांचं गाणं झालं. मग सगळे आमच्याकडे बघत बसले.

पाहुण्यांनी उत्तर द्यायचं असतं. आपण कोण, कुठून आलो ते सांगायचं आणि मागोमाग गाणं म्हणायचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही 'थरारक अनुभव' वाचून पुढे गेलो असू. चौतीस मुलं, तीन शिक्षक, एकाला एक गाणं सुचेना. शेवटी आम्ही सावधानमध्ये उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. यजमानही आदराने उभे राहिले. मला मात्र कुणाच्या घरी जेवायला जाऊन ताटावर बसण्याआधी आधार कार्ड दाखवल्यासारखं वाटलं.

मग होंगी: कपाळाला कपाळ, नाकाला नाक, दोघांचा श्वास एक. मग हांगी, म्हणजे जमिनीत तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण. शाकाहारींच्या पानात रताळं आणि भोपळा. "मॅम, आज काय उपवास आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि ओळख करून द्यायला शिकवलं. माओरी रीतीने ओळख देताना नाव शेवटी येतं. आधी माझा डोंगर अमुक, मग माझी नदी अमुक, माझे लोक अमुक, आणि मग मी. याला पेपेहा म्हणतात. एकेकाची पाळी आली. डोंगर म्हटल्यावर नव्वद टक्के सिंहगड, एकाने पर्वती. एकीने "आमच्या सोसायटीमागे एक टेकडी होती" असं सांगितलं. 'होती' हा शब्द ऐकून मी खाली बघितलं. नदीपाशी तर फारच गंमत. मुठा म्हणताना मुलं हसत होती. ज्या देशात २०१७ साली कायदा करून वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिलाय, तिथे आम्ही आमच्या नदीचं नाव नाक मुरडून घेत होतो. मीही लकडी पुलावरून जाताना तेच करते.

मग ती. वर्गात फारसं न बोलणारी. "माझा डोंगर चावंड. माझी नदी कुकडी. माझे लोक महादेव कोळी." आणि मग नाव. अडखळली नाही. समोरच्या आजोबांनी मान हलवली आणि नदी कुठे उगम पावते ते विचारलं. तिने कुकडेश्वराचं देऊळ सांगितलं. त्यांनी विचारलं, नदी अजून वाहते का? ती म्हणाली, वाहते, पण पुढे माणिकडोहचं धरण आहे. आजोबा म्हणाले, धरणं इथेही आहेत.

बसमध्ये तिच्या शेजारणीने विचारलं, "म्हणजे तू आदिवासी आहेस?" तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या मुली. "हो." "मग तुमच्याकडेपण असा डान्स असतो?"

ती म्हणाली, "आमच्याकडे हिरडा असतो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात झाडावरचा कोवळा हिरडा पाडतात, वेचतात, वाळवतात आणि विकतात. औषधाला जातो तो. कित्येक घरांचा वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. ती दरवर्षी एप्रिल-मेमध्ये गावी आजीकडे त्याच कामाला जाते. या वर्षी पहिल्यांदाच चुकलं होतं आणि तिला त्याचं वाईट वाटत होतं. तीन वर्षांत हे शाळेत का सांगितलं नाही, असं मी तिला विचारणार होते. नाही विचारलं. 'कोट्यातून' हा शब्द आमच्या वर्गांत कोणत्या सुरात उच्चारला जातो ते मला माहीत आहे. कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही.

आता माझं मत, आणि यावरून भांडण होईल याची मला कल्पना आहे.

परत आल्यावर पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं: कशाला लाखो रुपये घालवायचे, पुढच्या वर्षी मुळशीत एखाद्या कातकरी वाडीवर न्या, तेच बघायला मिळेल, तेही एका दिवसात. चाळीस अंगठे. मला ते वाचून कापरं भरलं. तेच बघायला मिळणार नाही. दिवाळीनंतर गेलात तर वाडी अर्धी रिकामी असेल, कारण माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला गेलेली असतात. उरलेल्या म्हातारी-पोरांसमोर आपण बस उभी करणार, बिस्किटं वाटणार, "नाच दाखवा ना" म्हणणार. 'इथून पुढे नाही' असं म्हणायची त्यांची काय टाप? रोटोरुआत जे होतं ते इथे नाही: तिथे घर त्यांचं, तिकीट त्यांचं, नियम त्यांचा, आणि मला गप्प बसवायचा अधिकारही त्यांचाच.

तो अधिकार त्यांना कुणी आणून दिला नाही, हेही सांगते. १८४० साली ब्रिटिशांशी झालेल्या वायतांगी करारानंतर त्यांची जमीन विकत, लुबाडून, युद्धात जप्त करून गेली. शाळेत माओरी बोललं तर छडी बसायची. त्यांनी आपल्या भाषेच्या बालवाड्या १९८२ मध्ये सुरू केल्या, १९८७ साली ती भाषा अधिकृत झाली. छडीची गोष्ट ऐकताना एक मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅम, आपल्याकडेपण पाचवीत मराठी बोललं की दहा रुपये होते ना?" होते. मीच गोळा करायचे.

आणखी एक. हाका म्हणजे माओरींचा घोषणा देत करायचा समूहनाच. सगळ्यात प्रसिद्ध हाका, 'का माते', ही न्गाती तोआ कुळाच्या ते राउपाराहा या सरदाराची रचना. ती व्यापारी कामासाठी वापरली तर हे श्रेय द्यावंच लागतं, असा २०१४चा कायदा आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं आहेत. हडपसरच्या पेंटरने मोबाईलमध्ये बघून काढली. सात वर्षांत मी त्याखाली 'वारली' एवढा शब्दही लिहिलेला पाहिला नाही.

सहल वाईट नव्हती. परत विचारलं तर मी परत जाईन. माओरी लोकांनी आम्हाला पाहुणे कसं व्हायचं ते शिकवलं आणि ते इथे कुणी शिकवलं नसतं. माझी तक्रार आमच्याबद्दल आहे. आम्ही महिनाभर व्हिसा, थर्मल आणि ठेपल्यांची पाकिटं यावर बैठका घेतल्या. तिकडे गेल्यावर काय म्हणणार, यावर पाच मिनिटंही नाही. क्वीन्स गार्डनपाशी आदिवासी संग्रहालय आहे, चौतीसपैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं, बीएडला असताना, उपस्थिती लागणार होती म्हणून.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती मूठभर वाळलेला हिरडा घेऊन आली. सगळ्यांनी चावून बघितला, सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. दोघीतिघींनी तिला विचारलं, आम्ही येऊ का तुझ्या गावी? ती म्हणाली, घरी विचारते. पंधरा दिवसांनी तिच्या वडिलांचा मला फोन आला. या म्हणाले, पण पुढच्या मे महिन्यात, हंगामात. चार-पाचजणीच. बस नको, एसटीने जुन्नरपर्यंत, पुढे मी न्यायला येतो. सकाळी सहाला कामाला लागायचं, बघत उभं राहायचं नाही. आणि फोटो काढायचे की नाही ते आई सांगेल.