गाठीचा तुकडा आधी काढू नका

‘घोळणा फुटतो तो अंगातल्या उष्णतेमुळे, नाकात दूर्वांचा रस घाला, स्कॅनने कर्करोग होतो, नाकात गाठ दिसलीच तर स्कॅनवर पैसे न घालवता सरळ तुकडा काढून तपासायला द्या,’ असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून माझ्या मावसबहिणीने 14 वर्षांच्या मुलाचा ठरलेला सीटी स्कॅन रद्द केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक सल्ला तुकड्याचा आहे. वयात येणाऱ्या मुलग्यांना, आणि जवळजवळ त्यांनाच, नाकाच्या मागच्या भागात अँजिओफायब्रोमा नावाची दुर्मीळ गाठ होते. ती कर्करोगाची नसते, पण रक्तवाहिन्यांनी इतकी गच्च भरलेली असते की तिला चिमटा लावला तर रक्तस्राव आवरणे कठीण होऊन बसते. म्हणूनच तिचे निदान शक्यतो तुकडा न काढता स्कॅनवरच करतात. गालामागच्या पोकळीची मागची भिंत निरोगी बाजूला जागच्या जागी असते. गाठीच्या बाजूला तीच भिंत वारा भरलेल्या शिडासारखी पुढे फुगलेली दिसते. याला होलमन-मिलर चिन्ह म्हणतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध, दिल्यावर गाठ लख्ख उजळते, एमआरआयवर तिच्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या काळ्या ठिपक्यांसारख्या उमटतात, आणि ती डोळ्याच्या खोबणीत किंवा कवटीच्या तळाकडे सरकली आहे का, हेही कळते. पुढे शस्त्रक्रियेआधी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत नळी घालून केलेली तपासणी) करून तिला रक्त पुरवणारी धमनी बंद करता येते. हे काहीही ठाऊक नसताना ‘तुकडा काढा’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळणे आहे.

किरणांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य करतो. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासाच्या अंदाजानुसार 10 वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दर 10,000 सीटी स्कॅनमागे पुढच्या 10 वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक रुग्ण वाढतो. त्यामुळे विनाकारण सीटी करू नये हे बरोबरच. पण इथे कारण आहे. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच.

राहिली उष्णता. बहुतेक मुलांचा घोळणा नाकाच्या पुढच्या भागातून फुटतो, त्याला स्कॅन लागत नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे दाबून धरला की तो बहुधा थांबतो. मात्र वयात येणाऱ्या मुलाचे रक्त पुन्हा पुन्हा एकाच बाजूने येत असेल आणि तीच नाकपुडी चोंदलेली असेल, तर दूर्वांचा रस घालत बसू नये. बहिणीच्या मुलाची डावी नाकपुडी तीन महिन्यांपासून बंद आहे. सोमवारची वेळ आम्ही पुन्हा घेतली आहे.